पंपाच्या शिफारशीमागचे ११२ रुपये

मागच्या खरिपात आमच्या गल्लीतील एका काकांनी माझा लेख वाचून, म्हणजे त्यांच्या नातवाने तो वाचून दाखवल्यावर, पाठीवरचा बॅटरी पंप ऑनलाइन मागवला. पंपाची किंमत २,८०० रुपये होती. लेखातील ज्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी तो मागवला, त्या लिंकमध्ये माझा सांकेतिक क्रमांक गुंफलेला होता, आणि त्या विक्रीवर चार टक्क्यांच्या हिशेबाने ११२ रुपये माझ्या खात्यात जमा झाले. काकांना याची काहीच कल्पना नव्हती. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, तिसरी फवारणी सुरू असताना पंपाच्या झाकणाचे वायसर सैल झाले, औषधाचे पाणी पाठीवर पाझरू लागले आणि त्यांनी तो पंप आणून आमच्या ओसरीत ठेवला. "तू लिहिलं होतं चांगला आहे, म्हणून घेतला," इतकेच ते म्हणाले. मी झाकण उघडून पाहत असताना त्यांचा नातू बोलता बोलता सांगून गेला, की अशा लिंकांचे पैसे लिहिणाऱ्याला मिळत असतात. काकांनी माझ्याकडे पाहून विचारले, "काऊन रे, तुले याचे पैसे भेटतात काय?"

मी हो म्हणालो, आणि किती मिळाले तेही सांगितले. ते रागावले नाहीत. "मंग आधी सांगतलं असतं, तं अजून एकदोघाइले इचारलं असतं मी," असे म्हणून त्यांनी तंबाखूची डबी खिशात टाकली आणि ते वावराकडे निघून गेले. त्यानंतर मी मोबदल्याच्या शिफारशींविषयीचे नियम मुळातून वाचायला घेतले. त्यातील जे समजले आणि माझ्या जुन्या लेखांत जे चुकले होते, ते येथे लिहीत आहे. या लेखात कमिशनची एकही लिंक नाही.

माझा बचाव करायचा म्हटले तर तसा होता. लेखाच्या अगदी तळाशी, गोपनीयता धोरणाच्या ओळीला लागून, बारीक अक्षरात एक इंग्रजी वाक्य मी चिकटवून ठेवले होते. लिंकवरून झालेल्या विक्रीवर कमिशन देणाऱ्या कार्यक्रमांपैकी सर्वांत परिचित असलेल्या ॲमेझॉनच्या असोसिएट कार्यक्रमात, पात्र खरेदीवर आपल्याला उत्पन्न मिळते, असे सदस्याने स्वतःच्या पानावर स्पष्ट लिहावे, अशी अट असते. इतरांच्या अटीही साधारण त्याच वळणाच्या असतात, आणि तसेच एक तयार वाक्य मी कुठून तरी उचलले होते. करारापुरते काम झाले, असे तेव्हा वाटले. परंतु ते वाक्य इंग्रजीत होते, पान संपल्यावर होते, आणि ज्यांना लेख वाचून दाखवला जातो त्यांच्या कानापर्यंत ते पोहोचण्याची शक्यता शून्य होती. नातवाने लेख वाचला तो पंपाच्या किमतीपर्यंत. त्याखालचे कोण वाचतो?

ज्यांना ही व्यवस्था परिचित नाही त्यांच्यासाठी ती कशी चालते ते थोडक्यात सांगतो. विक्री करणारे संकेतस्थळ मला एक विशिष्ट लिंक देते. वाचकाने ती उघडली की त्याच्या मोबाइलमध्ये ठराविक काळापुरती एक खूण नोंदवली जाते, आणि त्या काळात त्याने केलेली खरेदी माझ्यामार्फत आली असे धरले जाते. ॲमेझॉनच्या कार्यक्रमात ही मुदत साधारणपणे २४ तासांची असते. म्हणजे माझ्या लिंकवरून पंप पाहायला गेलेल्या माणसाने पंप न घेता त्याच दिवशी मुलीसाठी चप्पल घेतली, तरी तिचे कमिशन मला मिळू शकते. वाचकाला वस्तू त्यामुळे महाग पडत नाही, आणि त्यावरूनच 'यात वाचकाचे काय जाते?' हा युक्तिवाद जन्माला येतो. मीही स्वतःला तो बरेच दिवस ऐकवत होतो.

वाचकाचे जे जाते ते वेगळ्या वाटेने जाते. कमिशन किमतीच्या टक्केवारीने मिळत असल्यामुळे २,८०० च्या पंपाऐवजी ४,५०० च्या पंपाची शिफारस करणे माझ्या फायद्याचे असते. 'हा पंप घेऊ नका' अशा लेखातून मला एक रुपयाही मिळत नाही. तालुक्याच्या दुकानात तोच पंप ३,१०० रुपयांना मिळतो, पण तेथे वायसर बदलून देणारा माणूस समोर बसलेला असतो, ही गोष्ट लिहिण्यात माझा उघड तोटा असतो. मी लेखात काही खोटे लिहिले नव्हते. बॅटरी किती वेळ चालते, नोझल कसे आहे, रात्री वीज गेली तर चार्जिंगचे काय करायचे, हे सारे प्रामाणिकपणे लिहिले होते. तालुक्याच्या दुकानाचा उल्लेख मात्र कुठेही नव्हता. त्या न लिहिलेल्या वाक्यात कमिशनचा वाटा किती आणि माझ्या आळसाचा किती, हे मला स्वतःलाही आज सांगता येणार नाही. आणि जे मला सांगता येत नाही ते वाचकाने ओळखावे अशी अपेक्षा करणे चूक आहे.

आता नियमांकडे येतो. आपल्याकडे या बाबतीत दोन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. भारतीय जाहिरात मानक परिषद ही १९८५ मध्ये जाहिरात क्षेत्राने स्वतःवर लक्ष ठेवण्यासाठी स्थापन केलेली संस्था आहे. तिला सगळे 'आस्की' म्हणतात. समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी, म्हणजे इन्फ्लुएन्सरांसाठी, तिने केलेली मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू झाली. ती कायदा नाहीत, पण बारकाईने लिहिलेली आहेत. दुसरी यंत्रणा सरकारी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला, त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले, आणि या प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व त्यांतील शिफारशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. पुढे २० जानेवारी २०२३ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने खास समाजमाध्यमांवरील मंडळींसाठी 'एन्डोर्समेंट नो-हाउज' या नावाने सोप्या सूचना प्रसिद्ध केल्या. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला किंवा शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तोच प्रकार घडल्यास तो ५० लाखांपर्यंत जाऊ शकतो, आणि शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत, नंतरच्या वेळी तीन वर्षांपर्यंत, कोणत्याही वस्तूची शिफारस करण्यास बंदी घालता येते. दाव्यांची खातरजमा करण्यासाठी पुरेशी काळजी घेतल्याचे शिफारस करणाऱ्याने दाखवले, तर तो त्यातून सुटू शकतो.

दंडाचे आकडे मोठे आहेत आणि बातम्यांत तेच येतात. मला मात्र २०२२ च्या तत्त्वांमधील एका अटीने अधिक विचारात पाडले. शिफारस करणारा आणि विक्रेता, उत्पादक किंवा जाहिरातदार यांच्यात असा काही संबंध असेल, की ज्यामुळे शिफारशीच्या विश्वासार्हतेवर खरोखर परिणाम होऊ शकतो, आणि तो संबंध ऐकणाऱ्याला सहज अपेक्षित नसेल, तर तो पूर्णपणे उघड केला पाहिजे, असा त्या तत्त्वाचा आशय आहे. यातील 'सहज अपेक्षित नसेल' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. दूरचित्रवाणीवर एखादा नट पाइपाची किंवा सिमेंटची जाहिरात करतो तेव्हा त्याला पैसे मिळाले आहेत हे आमच्या गावात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. कृषी केंद्राचा मालक एखाद्या कंपनीची बाटली पुढे सरकवतो तेव्हा त्यात त्याची कमाई आहे हे ओळखूनच शेतकरी "दुसरी दाखवा" म्हणतो. बाजार समितीत अडत्याला अडत मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते, आणि हमाली किती, तोलाई किती, हे हिशेबपट्टीवर लिहिलेले असते. इतकेच काय, बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो तेव्हाही दलाल कोण आहे हे भोवतीच्या सगळ्यांना दिसत असते. तेथे भाव झाकलेला असतो, दलाल झाकलेला नसतो.

माझ्या लेखात नेमके उलटे झाले होते. भाव उघड होता आणि दलाल झाकलेला होता. शिवाय तो दलाल शेजारच्या घरातला होता, ज्याच्या बापाबरोबर काकांनी वखर हाकला होता. २०२३ च्या सूचना ज्यांना लागू होतात त्यांचे वर्णन करताना, अधिकार, ज्ञान, स्थान किंवा ऐकणाऱ्यांशी असलेले नाते यांच्या बळावर खरेदीच्या निर्णयावर प्रभाव पाडू शकणाऱ्या व्यक्ती, असे म्हटले आहे. 'नाते' हा शब्द तेथे लाखो अनुयायी असलेल्या शहरी मंडळींना डोळ्यासमोर ठेवून आला असेल, पण तो आमच्या गल्लीला जितका चपखल बसतो तितका क्वचितच कोठे बसत असेल. माझ्या पानाला महिन्याला जेमतेम हजार-दीड हजार लोक येतात. त्यांतील निम्मे तरी यवतमाळ, वाशीम आणि वर्धा या तीन जिल्ह्यांतील असावेत, आणि पुष्कळांना मी कोणाचा कोण हे माहीत आहे. अशा ठिकाणी शिफारशीला जे वजन मिळते ते लेखाच्या गुणवत्तेमुळे कमी आणि ओळखीमुळे अधिक मिळते.

माझ्या लेखातील दुसरा दोष मला २०२२ च्या तत्त्वांमुळे लक्षात आला आणि तो मोबदला लपवण्यापेक्षा मोठा आहे, असे माझे मत झाले आहे. शिफारस ही शिफारस करणाऱ्याचे खरे आणि अलीकडचे मत असली पाहिजे, आणि ती त्या वस्तूची पुरेशी माहिती किंवा पुरेसा अनुभव यांवर आधारलेली असली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. आमच्याकडे औषधाचे माप पंपात, म्हणजे पंपाच्या भरलेल्या टाकीत, मोजतात. एका पंपाला अमुक मिली, एकरी आठ-दहा पंप. मी तो लेख लिहिला तेव्हा नव्या पंपाने तुरीवर एकूण अकरा पंप मारले होते, म्हणजे जेमतेम सव्वा एकर. वायसर सैल व्हायला त्याहून कितीतरी अधिक पंप लागतात. पाऊस तोंडावर आला होता, लोक पंप विकत घेण्याच्या बेतात होते, लेख त्याच आठवड्यात गेला तरच लिंकवर बोट पडणार होते, म्हणून मी थांबलो नाही. अकरा पंप हा आकडा मी लेखात लिहिला असता, तरी वाचणाऱ्याने आपापला हिशेब केला असता.

आता शब्दांविषयी, कारण खरी अडचण तेथे आहे. सरकारी सूचनांमध्ये साध्या आणि स्पष्ट भाषेत 'ॲडव्हर्टाइझमेंट', 'स्पॉन्सर्ड', 'कोलॅबोरेशन', 'पेड प्रमोशन' असे शब्द वापरावेत असे सांगितले आहे. आस्कीच्या यादीत 'पार्टनरशिप'ही आहे. हे शब्द इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत चालतील, असे आस्की म्हणते. मराठी करायला बसल्यावर मात्र गंमत होते. 'सहकार्य' म्हटले की आमच्याकडे सेवा सहकारी सोसायटी आठवते, आणि 'कंपनीच्या सहकार्याने' हे तर गणेश मंडळाच्या फलकावरचे वाक्य झाले. 'भागीदारी' म्हटले की दोघांनी मिळून ट्रॅक्टर घेतला किंवा वावर बटईने केले असे वाटते. 'प्रायोजित' हा शब्द वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कळतो, पण कळतो म्हणजे तो डोळ्यांखालून घालून पुढे जाण्याइतकाच कळतो. 'जाहिरात' हा एकच शब्द असा आहे की तो ऐकल्यावर म्हातारा माणूसही सावरून बसतो. म्हणून ज्या वस्तूसाठी कंपनीने पैसे किंवा वस्तू दिली आहे तेथे मी 'जाहिरात' असेच लिहिणार आहे, ते लिहिताना थोडे अवघड वाटले तरी.

कमिशनच्या लिंकसाठी वेगळे वाक्य लागते, कारण तेथे कंपनीने मला काही सांगितलेले नसते आणि पैसे विक्री झाल्यावर मिळतात. 'ॲफिलिएट लिंक' असे लिहून मोकळे होण्याची पद्धत आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या बाबतीत फार स्पष्ट भूमिका घेतली आहे. शिफारशींविषयीची त्यांची मार्गदर्शक तत्त्वे १९८० पासून आहेत, २००९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये ती सुधारली गेली. 'ॲफिलिएट लिंक' या शब्दांतून लिहिणाऱ्याला पैसे मिळतात हे सामान्य वाचकाला समजेलच असे नाही, असे त्या आयोगाने आपल्या प्रश्नोत्तरांत म्हटले आहे. उघड करण्याचे वाक्य शिफारशीच्या जवळ असावे, तळटिपेत किंवा वेगळ्या पानावर ढकलू नये, असेही त्यांचे म्हणणे आहे. ते नियम आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण ज्यांच्या भाषेतही हा शब्द कळत नाही असे ते म्हणतात, त्यांच्याकडून तो उसना घेऊन आपण देवनागरीत लिहावा, यात काय शहाणपण आहे? 'कमिशन' हा शब्द आमच्या गावात सर्वांना कळतो. माझे वाक्य आता असे आहे: "खालच्या लिंकवरून तुम्ही पंप घेतला, तर विकणाऱ्या संकेतस्थळाकडून मला कमिशन मिळते." ते लिंकच्या वर असते, खाली नाही, आणि लेखाच्या अक्षरांइतक्याच मोठ्या अक्षरांत असते. एका लेखात पाच लिंका असतील तर ते पहिल्या लिंकआधी एकदा आणि प्रत्येक लिंकपाशी 'कमिशन मिळते' इतके दोन शब्द, अशी सोय मी केली आहे. वाचताना ते खटकते, हे मान्य आहे.

व्हिडिओचे गणित आणखी किचकट आहे. आस्कीच्या तत्त्वांप्रमाणे १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत 'ही जाहिरात आहे' अशा खुलाशाची पट्टी किमान ३ सेकंद दिसली पाहिजे. १५ सेकंदांहून मोठ्या पण २ मिनिटांहून लहान व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. आणि २ मिनिटे किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओत, ज्या भागात त्या वस्तूविषयी बोलले जात आहे तो संपूर्ण भाग होईपर्यंत. मजकुराच्या बाबतीत, 'आणखी वाचा' यावर बोट न लावता जे दिसते त्यातच खुलासा आला पाहिजे. ग्राहक व्यवहार विभागाच्या सूचना थोड्या निराळ्या आहेत: व्हिडिओत खुलासा केवळ खालच्या वर्णनात न देता तो दिसला पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे, थेट प्रक्षेपणात तो सतत दिसत राहिला पाहिजे, आणि हॅशटॅग किंवा लिंकांच्या गर्दीत तो मिसळू नये. 'ऐकू आला पाहिजे' ही अट मला सर्वांत मोलाची वाटते. आमच्याकडे शेतीचे व्हिडिओ पाहिले जातात त्यापेक्षा ऐकले अधिक जातात. मोबाइल खिशात असतो, आवाज मोठा असतो आणि हात वेचणीत गुंतलेले असतात. कोपऱ्यातली पट्टी तेथे कोणी वाचत नाही.

फुकट मिळालेल्या वस्तूंविषयी माझा मोठा गैरसमज होता. रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगायी, यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी हल्ली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तारा ओढून सौर झटका मशीन लावतात. असे एक मशीन मला एका कंपनीने पाठवले. सोबत कोणतीही अट नव्हती, "वापरून पाहा, वाटल्यास दाखवा" इतकेच. पैसे घेतले नाहीत, अट नाही, म्हणजे सांगण्यासारखे काही नाही, असे समजून मी नऊ मिनिटांचा व्हिडिओ केला. सरकारी सूचनांमध्ये ज्याला लक्षणीय संबंध म्हटले आहे त्यात रोख मोबदला, अटीसह किंवा अटीविना मिळालेल्या मोफत वस्तू, न मागता आलेल्या वस्तू, सवलती, भेटी, स्पर्धांमधील प्रवेश, सहली आणि हॉटेलातील मुक्काम, पुरस्कार, इतकेच नव्हे तर कौटुंबिक, वैयक्तिक किंवा नोकरीचा संबंध, हे सर्व येते. मशीन साडेसहा हजारांचे होते. साडेसहा हजारांची वस्तू फुकट देणाऱ्याविषयी माणूस वाईट बोलत नाही. निदान मी बोललो नाही. पावसात बॅटरीचा डबा उघडावा लागतो, ही तक्रार मी व्हिडिओत हसत हसत, एका वाक्यात उरकली होती.

आयकराची बाजूही आहे, तिच्याकडे आमच्यासारखे लोक पाहतच नाहीत. आयकर कायद्यात १ जुलै २०२२ पासून एक तरतूद आली, तेव्हाच्या कायद्यात ती कलम १९४आर होती. त्याप्रमाणे व्यवसायाच्या ओघात कोणाला दिलेल्या लाभाचे किंवा वस्तूचे मूल्य वर्षात २०,००० रुपयांहून अधिक झाले, तर देणाऱ्याने १० टक्के कर कापायचा असतो. कंपनीने प्रसिद्धीसाठी दिलेली वस्तू व्हिडिओनंतर परत केली तर तो लाभ धरला जात नाही, ठेवून घेतली तर धरला जातो. सरकारच्या लेखी ती भेट नसून कमाई असू शकते, तर प्रेक्षकापासून ती लपवण्याला अर्थ राहत नाही.

नात्याच्या अटीने मला आणखी एक जागा दाखवली. माझा मावसभाऊ ठिबकच्या साहित्याचे दुकान चालवतो आणि त्याच्या दुकानातील फिल्टरविषयी मी दोनदा लिहिले आहे. त्याने मला कधी एक पैसा दिला नाही, चहा मात्र पुष्कळ पाजला. गावात हे नाते सर्वांना माहीत असल्यामुळे लिहिण्याची गरज वाटली नाही, पण बुलढाण्याच्या वाचकाला ते कसे माहीत असणार? दोन्ही लेखांच्या पहिल्याच परिच्छेदात आता 'हे दुकान माझ्या मावसभावाचे आहे' असे आले आहे. त्यावर मावसभावाचा फोन आला: "अबे, मी काय चोरी केली काय?" त्याची समजूत घालायला दिवाळीपर्यंत वेळ लागेल.

तारे देऊन केलेल्या परीक्षणांचा प्रश्न वेगळा असला तरी मुळात एकच आहे. वस्तूच्या खोक्यात हल्ली एक रंगीत चिठ्ठी निघते: पाच तारे द्या, त्याचा फोटो पाठवा, शंभर रुपये मिळवा. आमच्या गावातील पोरांना यात काही गैर वाटत नाही, आणि शंभर रुपयांसाठी पाच तारे देणाऱ्या पोराला मी दोष कोणत्या तोंडाने द्यावा? परंतु काकांच्या नातवाने पंप निवडताना माझ्या लेखाबरोबर तेच तारे पाहिले होते. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आणले. परीक्षणे कशी गोळा करावीत, तपासावीत आणि प्रसिद्ध करावीत हे त्यात आहे, पण ते ऐच्छिक ठेवले गेले. अमेरिकेत २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमाने, अमुक प्रकारचेच मत द्यावे या अटीवर परीक्षणासाठी मोबदला देण्यास मनाई केली. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या 'डार्क पॅटर्न' विषयक तत्त्वांमध्ये ज्या १३ फसव्या पद्धती सांगितल्या आहेत, त्यांत जाहिरातीला बातमीचे किंवा सामान्य वापरकर्त्याच्या मजकुराचे सोंग देणे ही एक आहे. खोक्यातील चिठ्ठीवर ती कितपत लावता येईल हे वकिलांनी ठरवावे. माझ्या मते सोंग तेच आहे.

कीटकनाशके, संजीवके आणि बियाणे यांच्या लिंका मी यापुढे देणार नाही, खुलाशासह सुद्धा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या दिवसांत दवाखान्यात ज्यांनी रात्री काढल्या त्यांना पाठीवर पाझरणारा पंप म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. काकांच्या पाठीला काही झाले नाही, त्यांनी लगेच सदरा काढून अंग धुतले, पण ११२ रुपयांच्या मागे ही शक्यता उभी होती, हे मला नाकारता येत नाही. खुलाशाने वाचक सावध होतो. झाकण गळायचे थांबत नाही.

एका मित्राने विचारले, की दिल्लीचे प्राधिकरण तुझ्यासारख्या हजार वाचकांच्या माणसाला नोटीस पाठवायला बसले आहे काय? बसलेले नाही, हे उघड आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण काका त्यावर फोन करणार नाहीत. ते पुढच्या वेळी फक्त मला विचारणार नाहीत, आणि मला ते कळणारही नाही.

गेल्या महिनाभरात मी जुने ४१ लेख एकेक करून उघडले. २६ लेखांत कमिशनच्या लिंका होत्या. त्यांतील ९ वस्तू मी पुरेशा वापरलेल्या नव्हत्या, म्हणून तेथील लिंका काढल्या आणि किती दिवस वापरले ते लिहिले. बाकीच्या १७ लेखांत मराठी वाक्य लिंकच्या वर आले. पंपाच्या लेखात वायसरची गोष्ट, अकरा पंपांचा आकडा आणि तालुक्याच्या दुकानातील किंमत टाकली आहे. त्यानंतर त्या लिंकवरून एकही पंप गेलेला नाही. झटका मशीनचा व्हिडिओ तेवढा राहिला आहे. एकदा चढवलेल्या व्हिडिओत नवा आवाज घालता येत नाही, खाली टीप लिहून काम भागणार नाही, त्यामुळे तो पुन्हा करावा लागेल, आणि तो भर पावसात, बॅटरीचा डबा उघडून दाखवत करायचा आहे. तोपर्यंत तो व्हिडिओ मी काढून ठेवला आहे, आणि मशीन परत घेऊन जा असे कंपनीला कळवले आहे. अजून उत्तर आलेले नाही, त्यामुळे सध्या ते धुऱ्यावरच चालू आहे.